बकूच्या पोटातलं पाणी

सोमवार, ४ जुलै १९९४

एकतीस वर्षं जांभूळच्या पाणी केंद्रावर लॉगबुक लिहिलं. पंप किती वाजता चालू, किती वाजता बंद, गढूळपणा किती, क्लोरीन किती. मार्चमध्ये रिटायर झालो तसा हाताला चैन नाही. म्हणून मुलाने, जनूने, आणून दिलेली ही जुनी डायरी आजपासून लिहायला घेतली आहे. छापील तारखा दोन वर्षांपूर्वीच्या आहेत, त्या खोडून मी माझ्या घालतो.

आजची मुख्य नोंद. आमची सून सुगंधा आजपासून आनंदनगरच्या कारखान्यात कामाला लागली. औषधाच्या बाटल्या धुवायच्या, सुकवायच्या, खोक्यात भरायच्या. सकाळी सहाला नाक्यावर कंपनीची बस येते, शुक्रवारी सुट्टी. दोन महिने काम बघणार आणि मग पक्कं कार्ड देणार. त्या दोन महिन्यांत तीन खाडे माफ. चौथा झाला की घरी बसायचं. दहावी झालेली पोर सहा वर्षं आमच्या चुलीपुढे बसली, आता कुठे तिला स्वतःच्या नावाचं काहीतरी मिळतंय.

माझी बायको पुतळा पेणला गेली आहे. लेकीचं, तुळशीचं, दुसरं बाळंतपण जवळ आलंय आणि तिच्या सासूचा पाय मोडलाय. त्यामुळे सुगंधा म्हणत होती की पुढच्या वर्षी जाईन कामाला, आवडीला कोण बघेल? मीच छाती ठोकून बोललो, "तू जा गं. अख्ख्या एमआयडीसीला पाणी पाजलं मी. साडेतीन वर्षांच्या नातीला अंघोळ घालता येणार नाय का मला?"

जनू तोंड फिरवून हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

मंगळवार, ५ जुलै

पहिली अंघोळ यशस्वी. वेळ सव्वा तास.

आवडीच्या अंघोळीची एक अट आहे. लाल टबात आधी तिची मंडळी उतरणार, मग ती. मंडळी म्हणजे पिवळं बदक, हिरवा बेडूक आणि एक मासा. तिन्ही मऊ प्लॅस्टिकची, पोटाखाली भोक, दाबली की पीं करतात. जनूने उल्हासनगरहून आणली होती. बदकाचं नाव बकू. बकू आधी पीं म्हणतो, मग आवडी पाण्यात पाय घालते. बकू नाही बोलला तर ती बसते उंबऱ्यावर हाताची घडी घालून. अगदी आमच्या पुतळासारखी.

अंघोळ झाल्यावर मी तिघांना टबातच ठेवून टब कोपऱ्यात सरकवला. जिथली वस्तू तिथे.

शनिवार, ९ जुलै

वेळ पन्नास मिनिटांवर आणली. साबण डोळ्यात जाऊ न देता डोकं धुण्याची युक्ती काढली. आवडीला वर छताकडे बघायला लावायचं आणि पालीची गोष्ट सांगायची.

संध्याकाळी सुगंधा मोरीत वाकून म्हणाली, "मामा, टबात काळं काळं काय आहे?"

मी बघितलं. काहीच नव्हतं. तसं सांगितलं.

"हे काय, मिरपुडीसारखं. तुमी चष्मा करून घ्या ना एकदा."

हा चष्म्याचा विषय घरात दर आठवड्याला निघतो. मी एकतीस वर्षं मीटरचे काटे लांबून वाचले आहेत. डायरी जरा हातभर लांब धरावी लागते, पण ते सगळ्यांचंच होतं. आणि पाण्यातलं मला कुणी शिकवू नये.

बुधवार, १३ जुलै

पहिला खाडा.

परवापासून आवडीचं पोट बिघडलं, तोंडात फोड आले. आज सुगंधा कामाला न जाता तिला घेऊन बदलापूरला डॉक्टरकडे गेली, मीही गेलो. डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, "तोंडात काय काय घालते ही?" आवडीने मोठ्या अभिमानाने सांगितलं की बकू तिला पाणी पाजतो. म्हणजे ही पोरगी बदकाच्या पोटात पाणी भरते आणि तोंड उघडून पिचकारी मारते. माझ्यासमोर कधी केलं नाही. केलं असेल तर मी पालीची गोष्ट सांगत असेन.

घरी येऊन सुगंधाने बकूला पांढऱ्या ताटलीवर दाबला. पोटातून काळ्या पाण्याची धार आली आणि मागून काळे पापुद्रे. ते मलासुद्धा दिसले. बुरशी! आत सगळी बुरशी.

लाज वाटली. ज्या माणसाने टाकीत साधं पान पडलं तरी पाळीवाल्याला झापलं, त्याच्या नातीच्या टबात हे. डॉक्टर म्हणतो फेकून द्या. आवडी बकूला परकराच्या ओच्यात धरून बसली आहे आणि कुणी जवळ गेलं की किंचाळते. मी सुगंधाला शब्द दिला आहे की खेळणी मी साफ करतो. ती ताटली घासायला घेऊन गेली. रागावली असणार.

शुक्रवार, १५ जुलै

धोंडिबा आला होता. पाणी केंद्रावर माझ्या हाताखाली होता, आता तोही रिटायर. त्याला सगळं सांगितलं. तो एवढा हसला की तंबाखूचा ठसका लागला. "मधु, विहिरी साफ केल्यास, तुला बदक नाय सांभालता येत?"

पण शेवटी दोघांनी मिळून शास्त्रीय पद्धत ठरवली. टीसीएल पावडर. गावाच्या विहिरीत टाकतात तीच. हिशेब मी केला, बादली धोंडिबाने ढवळली. तो म्हणाला दोन चिमट्या पुरे, मी म्हटलं बुरशी जुनी आहे, मूठभर घाल. तिन्ही खेळणी रात्रभर बुडवून ठेवणार.

शनिवार, १६ जुलै

बुरशी गेली. डोळेही गेले.

बकूच्या डोळ्यांचा काळा रंग आणि चोचीचा तांबडा रंग बादलीच्या तळाला. पिवळा होता तो ताकासारखा दिसतो. तीनतीनदा धुतला तरी मोरीत नाक घालवत नाही इतका वास.

आवडीने त्याला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मला परत दिला. "हा बकू नाय. हा कोनतरी म्हातारा हाय."

सोमवार, १८ जुलै

दुसरा खाडा.

दोन दिवस अंघोळ नाही. आज पहाटे सुगंधा निघाली तर आवडीने जाग येताच भोकाड पसरलं. बेडूक-मासा कुणी नको, बकू पाहिजे. रडून रडून अंग तापलं. सुगंधा नाक्यावर पोचली होती, जनू धावत जाऊन तिला घेऊन आला. बस तिच्यासमोरून गेली म्हणे. दुपारी ती धुणं आपटत होती. मी ओट्यावरून ऐकत होतो, प्रत्येक आपट माझ्या नावाची.

चहा देताना मात्र म्हणाली, "मामा, आमच्याकडे बाटल्या धुतल्या की उलट्या ठेवतात जाळीवर. थेंब राहिला तर बाटली नापास."

मी म्हटलं, "बाटली वेगळी आणि बदक वेगळं."

"हो," म्हणाली आणि गेली.

शनिवार, २३ जुलै

काल उल्हासनगरला जाऊन कॅम्प पाचमधून नवा बकू आणला. हुबेहूब. आवडीला सांगितलं की बकू डॉक्टरकडे गेला होता, बरा होऊन आला. तिने मान्य केलं, पण डोळे बारीक करून.

आता मूळ कारणावर इलाज. भोकच बंद केलं की पाणी आत जाणार नाही. पाइपाची गळती बंद करतो तसं एम-सील मळून भोकात भरलं. दगडासारखं बसलं. फार समाधान वाटलं.

आवडीने दाबला. आवाज नाही. परत दाबला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आजू, याला डॉक्टरने मुका केला?"

मग दाभणाने एक बारीक छिद्र पाडून दिलं. आवाज पीं ऐवजी सीं येतो, पण येतो. पोरगी टबात बसली एकदाची.

सोमवार, २५ जुलै

पेणहून शेजारच्यांकडे फोन आला. तुळशीला मुलगा झाला! आवडीला सांगितलं की तुला भाऊ झाला, तर तिने विचारलं की तो पीं करतो का. पेढे वाटले. पुतळा आता सव्वा महिना तिकडेच.

मंगळवार, २ ऑगस्ट

तिसरा खाडा.

परत पोट बिघडलं. दाभणाचं छिद्र एवढंसं, पाणी आत गेलं ते बाहेर यायला वाटच नाही. दहा दिवसांत नव्या बकूच्या पोटात काळी खिचडी.

डॉक्टरकडून आल्यावर सुगंधा माझ्यासमोर येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोलली, "मामा, मी सोडते काम. तुमी फार करता. पण चौथा खाडा झाल्यावर त्यांनी काढण्यापेक्षा मीच सोडलेलं बरं."

पोरीने कंपनीचा निळा डगला धुऊन, घडी घालून फळीवर ठेवला होता, परत द्यायचा म्हणून. ती घडी बघून मला रडू आलं हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांब. सोमवारी काय ते सांग. तोवर डगला घाल."

डगला परत खुंटीवर लागला. आता माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

आज जे घडलं ते नीट लिहितो.

सुगंधाला सुट्टी म्हणून आवडी तिच्याकडे. मी मुका बकू खिशात घालून पुन्हा कॅम्प पाचला गेलो. दुकानदाराला विचारलं की हा बनतो कुठे. त्याने मागच्या गल्लीत पाठवलं. एका घराच्या खालच्या मजल्यावर टेकचंद नावाच्या सिंधी म्हाताऱ्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक मशीन, चार बाया आणि खोलीभर बदकं. एवढी बदकं एका जागी बघून मला आवडीची आठवण झाली, तिला आणायला हवं होतं.

टेकचंदने माझा बकू हातात घेतला, एम-सील बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे साईं, ये किसने किया?"

मी सांगितलं, मीच.

"इसका तो आपने गला घोंट दिया, बाबा!"

मग त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, पोट, डॉक्टर, खाडे, डगला. तो ऐकत राहिला. त्यालाही नातवंडं आहेत. मग त्याने बायांकडे बोट दाखवलं. बदक मशीनमधून निघतं तेव्हा पोटाला बोट जाईल एवढं मोठं भोक असतं. त्यात बाई अंगठ्याने एक छोटी गोल शिट्टी दाबून बसवते. आवाज बदकाचा नाहीच, त्या शिट्टीचा!

"बैठती है तो निकलती भी है," टेकचंद म्हणाला. एका बाईने केसातला आकडा काढला, शिट्टीच्या कडेने सरकवला आणि टप्! शिट्टी तिच्या तळव्यावर. आत सगळं मोकळं. पाणी ओता, धुवा, सुकवा, शिट्टी परत बसवा. शिट्टी वाकडी बसली की त्या रोज असंच करतात.

मी पाइपलाइनवर जन्म काढला आणि झाकण उघडून बघायचं सुचलं नाही.

त्याने माझ्या बकूतलं एम-सील काढून नवी शिट्टी बसवून दिली, वर दोन बदकं माझ्या पिशवीत घातली आणि पैसे घेईना. मी म्हटलं नातीला घेऊन येईन. घरी येऊन सुगंधाला सगळी रीत दोनदा सांगितली, आकडा कुठून घालायचा तेसुद्धा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी अर्थात पकड वापरणार. आकडा हे काही माझं हत्यार नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट

शिट्ट्या काढल्या, आत गरम पाणी घातलं, खळखळवून ओतलं. पण एवढ्या दमट हवेत सुकवायची कशी? फळीवर ठेवली तर खालून ओल. फडक्यात गुंडाळली तर फडकंच भिजतं.

माळ्यावर काहीतरी शोधताना माझ्या बाचा जुना पाग, मासे धरायचं फेकजाळं, हाताला लागला. बा रोज नदीवरून आला की हातपाय धुवायच्या आधी पाग आढ्याला टांगायचा. मासळी चुलीवर नंतर, पाग आधी. मला ओरडायचा, "भिजलेला गठुला करून टाकलास तर कुजल, मंग खा पानी." पाग मी बारा वर्षं टांगला आणि बदकं पाण्यात बसवून ठेवली. वा रे मधु!

पागाचा एक तुकडा कापून, चार टोकं बांधून झोळी केली. मोरीच्या खिडकीत टांगली. मंडळी त्यात पोटाची भोकं खाली करून. थेंब खाली, वारा चहूकडून. आवडीने झोळीला झोका दिला आणि म्हणाली, "बकू पालन्यात!"

संध्याकाळी सुगंधा झोळीखाली बराच वेळ उभी होती. मी तिला समजावलं की उलटं ठेवणं आणि जाळी हे महत्त्वाचं, थेंब राहता कामा नये. ही माझी कल्पना. ती म्हणाली, "चांगली आहे, मामा." तिच्या ओठांवर हसू होतं. कित्येक दिवसांनी.

सोमवार, ८ ऑगस्ट

सुगंधा बसला गेली. डगला अंगावर.

गुरुवार, ११ ऑगस्ट

पद्धत चालू आहे. अंघोळ, मग मंडळींच्या शिट्ट्या काढणं, धुणं, झोळी. पकडीने शिट्टी कधी कधी निसटते, मग मी जोरात दाबून पाणी काढतो आणि तसंच टांगतो. तरी दुसऱ्या दिवशी दाबलं की स्वच्छ. झोळीचा गुण दुसरं काय!

सुगंधा हल्ली पावणेपाचलाच उठते. पंधरा मिनिटं मोरीत खुडबुड चालते. माझं काम तपासत असणार. तपास म्हणावं, दोष सापडणार नाही. तिचा केसांचा आकडा साबणाच्या कोनाड्यात होता, तो मी आरशापाशी नेऊन ठेवला.

सोमवार, १५ ऑगस्ट

धोंडिबा नातवाला घेऊन आला. झोळी बघितली आणि म्हणाला मला एक करून दे. त्याला बघून शेजारच्या दोघी आल्या. दुपारभर ओट्यावर बसून जाळी विणली. आवडी शेजारी बसून प्रत्येकाला सांगत होती, "आधी शिट्टी काडायची, मंग पोट धुवायचा, मंग पालन्यात." एक पायरी चुकत नाही पोरगी. तिला केंद्रावर लावायला पाहिजे.

आकडा परत कोनाड्यात. बायका आकडे कुठेही टाकतात.

सोमवार, २२ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. आवडीने बकूला नारळीभात भरवला. पोट धुवायला अर्धा तास लागला. सगळे हसून हसून दमलो, सुगंधा तर भिंत धरून हसत होती. मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. खाडे तीनच आहेत, दिवस बारा राहिले.

मंगळवार, ३० ऑगस्ट

तीन दिवस धो धो. भिंतींना हात लावला तरी ओला होतो. झोळीत काही सुकत नाही आणि चार दिवस बाकी. माझा जीव टांगणीला लागला.

मग गेल्या आठवड्यात आलेलं पुतळाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. तिने लिहिलंय, बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी देते, पोर कडक वाळतं आणि गाढ झोपतं. मी उठलो. शेगडीत निखारे घेतले, ओवा टाकला आणि झोळी वर धरली. जरा उंचच धरली, आता घाई करत नाही. आवडी टाळ्या वाजवत होती, "बकूला धुरी! बकूला धुरी!" अर्ध्या तासात मंडळी खडखडीत. सगळ्या मोरीला बाळंतिणीच्या खोलीचा वास.

सुगंधा कामावरून आली आणि दारातच थबकली. "कोण बाळंत झालं?"

"बकू," आवडी म्हणाली.

शनिवार, ३ सप्टेंबर

सुगंधा बसमध्ये चढली. दोन महिने पूर्ण. खाडे तीन. मी नाक्यापर्यंत उगाच गेलो होतो, म्हटलं दूध आणू. दूध घरात होतं.

रविवार, ४ सप्टेंबर

पुतळा आली. पिशव्या ठेवून आधी मोरीत. झोळी बघितली, बकूला हातात घेऊन भोकातून आत बघितलं, बेडूक बघितला, मासा बघितला. एवढं बारीक तर केंद्रावर तपासणीला यायचे ते साहेबही बघत नसत. मग सुगंधाकडे बघितलं.

"बरं सांभाललात," एवढंच मला म्हणाली. एवढं ती गेल्या तीस वर्षांत दोनदा म्हणाली असेल.

सोमवार, ५ सप्टेंबर

कार्ड मिळालं! हिरव्या रंगाचं, फोटो लावलेलं, सुगंधा जनार्दन गायकर. तिने ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग माझ्या हातात दिलं. नाव वाचायला मी कार्ड लांब धरलं, आणखी लांब धरलं. पुतळा म्हणाली, "आता हात लांब करून घ्याल का चष्मा?"

बुधवार, ७ सप्टेंबर

काल बदलापूरला जाऊन चष्मा केला. आज मिळाला. गणपती परवावर आले, घरात सगळी साफसफाई चालू आहे.

चष्मा लावून आधी ही डायरी उघडली. अक्षर इतकं गिचमिड असेल असं वाटलं नव्हतं.

मग मोरीत गेलो. सकाळी अंघोळीनंतर मी स्वतः धुतलेला बेडूक झोळीतून काढला. शिट्टी निघाली नव्हती म्हणून आज नुसता दाबून टांगला होता. खिडकीच्या उजेडात भोकाशी धरला. शिट्टीच्या कडेला काळे ठिपके. आत आणखी. दाबल्यावर काळा थेंब हातावर आला. मी बकू घेतला, पकडीने शिट्टी काढून धुतलेला. त्यातही कोपऱ्यात काळं राहिलेलं. आणि रोज सकाळी तर हे सगळं लख्ख असतं.

कोनाड्यात बघितलं. साबणामागे सुगंधाचा आकडा, टोक जरासं वाकवलेलं, शिट्टीच्या कडेने जाईल एवढंच. त्याच्याजवळ एक दात घासायचा जुना ब्रश, दांडी तोडलेली, करंगळीएवढा. त्याच्या केसांना काळं लागलेलं. आणि एका काडीला गुंडाळलेलं फडकं.

मी टबाच्या कडेवर बसलो. पावणेपाच ते पाच. रोज. ऑगस्टच्या आठ तारखेपासून. आठ तास उभं राहून बाटल्या धुवायला जायच्या आधी ती इथे वाकून माझी बदकं धूत होती आणि सांगत कुणालाच नव्हती. मी लिहिलंय की तपासत असणार. मागची पानं काढून वाचली, कान गरम झाले.

पुतळा दारात येऊन उभी राहिली. मी हातातला आकडा दाखवला. म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"तिच्या पत्रात होतं," ती म्हणाली. "लिहिलंन की मामांना कळू देऊ नका. ते रोज आवडीला हसवत न्हाऊ घालतात, तेवढं मला जमत नाय, त्यांच्यामुळेच मला कामाला जाता येतं."

आकडा होता तिथे ठेवला. तसाच, टोक भिंतीकडे.

गुरुवार, ८ सप्टेंबर

पहाटे चारलाच उठलो. चष्मा लावला. बकू, बेडूक, मासा, टेकचंदच्या दोघांसकट पाच जण. आकड्याने शिट्टी काढायला दहाबारा वेळा चुकलो, मग जमलं. बारक्या ब्रशाने प्रत्येकाचं पोट घासलं, गरम पाण्याने धुतलं, दिव्याशी धरून बघितलं, परत घासलं. ब्रश धुऊन कोनाड्यात, आकडा धुऊन कोनाड्यात. मंडळी झोळीत. मी अंथरुणात येऊन घोंगडी ओढून घेतली.

पावणेपाचला मोरीचा दिवा लागला. खुडबुड नाही. मग एकदा पीं. मग दिवा गेला.

मी पाचला उठल्यासारखं करून बाहेर आलो. सुगंधा ओट्यावर बसून चहा पीत होती. जुलैपासून मी तिला सकाळी उभ्यानेच चहा पिताना बघत आलोय. आज पाय पसरून बसली होती, निळा डगला मांडीवर, कप दोन्ही हातांत धरलेला. माझा कप शेजारी झाकून ठेवला होता.

"चष्मा चांगला लागला, मामा," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "नंबर बरोबर आहे."

दोघांनी चहा संपवला. बस सहालाच आली.